चकतीच्या कडेला ११८ अंश

(दृश्य : फळ्यावर खडूने काढलेलं वर्तुळ. खडू धरलेला हात.)

नागपूर. विद्यापीठाच्या गणित विभागातला सेमिनार.

फळ्यावरचं वर्तुळ म्हणजे धातूची एक पातळ चकती. सुरुवातीला सगळी चकती १०० अंशांवर आहे आणि तिची कड शून्य अंशावर धरून ठेवली आहे. ती कशी निवत जाईल, हा प्रश्न. बोलणारी मुलगी पीएच.डी. करते. हँकेल ट्रान्सफॉर्म, म्हणजे गोल आकाराचे असे प्रश्न सोपे करणारी गणिती रीत, लावून झाला, बेसेल फलनांची (गोल आकाराच्या प्रश्नांत येणाऱ्या लाटेसारख्या फलनांची) अनंत श्रेणी मिळाली आणि आता पडद्यावर सुरुवातीच्या क्षणाचा आलेख आला आहे.

मागच्या बाकावरून बीजगणित शिकवणारे सर विचारतात, "अगं, चकती शंभर अंशांची आहे ना? मग कडेजवळ हे एकशे अठरा कुठून आले?"

खोली गप्प होते. बाहेरून उष्णता येत नसेल, तर चकतीचा कुठलाही बिंदू सुरुवातीच्या कमाल तापमानाच्या वर जाऊच शकत नाही. हे प्रमेय इथल्या प्रत्येकाने एम.एस्सी.ला शिकलेलं आहे. आलेख मात्र वर गेलेला दिसतो.

(दृश्य : आलेखाच्या कडेजवळचा उंचवटा, जवळून.)

मुलगी थांबते. मग प्रामाणिकपणे म्हणते, "सर, आत्ता सांगता येत नाही. बघून सांगते."

सेमिनारचं सगळं मोल या एका वाक्यात आहे, असं आम्हाला हे चित्रण करताना वाटलं. वहीत हे गणित बरोबर होतं. समीकरण बरोबर, पायऱ्या बरोबर. ज्याचा हा विषयच नाही अशा माणसाने साध्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा फट दिसली.

उत्तर संध्याकाळच्या चहावर सापडतं. मैत्रीण विचारते, "दहाच टर्म घेतल्या होत्या का तू? वीस घेऊन पाह्य ना एकदा." वीस पदं घेतल्यावर उंचवटा कडेच्या जवळ सरकतो, साधारण निम्म्या अंतरावर येतो, पण उंची तेवढीच राहते. चाळीस घेतली तरी तेच. म्हणजे हा उंचवटा उष्णतेचा नाही. अनंत श्रेणी मध्येच तोडली की जिथे फलन एकदम उडी घेतं, तिथे असा फुगवटा उरतोच. त्याला गिब्ज परिणाम म्हणतात. इथे तो सुमारे १८ टक्क्यांचा. काळ थोडा पुढे सरकला की तो विरतो, कारण श्रेणीतली पुढची पदं फार लवकर मरतात. बेसेल फलनाची पहिली तीन शून्यं, म्हणजे जिथे त्याची किंमत शून्य होते ती ठिकाणं, आहेत २.४०५, ५.५२० आणि ८.६५४. प्रत्येक पद आपापल्या शून्याच्या वर्गाच्या प्रमाणात ओसरतं, म्हणून दुसरं पद पहिल्यापेक्षा पाचपट वेगाने जातं आणि तिसरं जवळजवळ तेरापट.

नागपूरच्या गणितात उष्णतेचे प्रश्न जुने आहेत. गोल प्लेट, पोकळ दंडगोल, गोळा; त्यांचं तापणं, आणि तापल्यामुळे आत निर्माण होणारे ताण. थर्मोइलॅस्टिसिटी या विषयावर इथे कित्येक वर्षं प्रबंध लिहिले गेले आहेत. पदार्थ तापला की पसरतो, पसरायला जागा नसली की ताण येतो. या शहराच्या सिमेंट रस्त्यांत ठरावीक अंतरावर सांधे सोडलेले असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या गावात हा विषय रुजला, याचं आम्हाला नवल वाटत नाही.

विदर्भात दुसरी मोठी वाट सामान्य सापेक्षतेची, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताची. नागपूर आणि अमरावतीकडच्या शोधनिबंधांत 'बियांची प्रकार' हे शब्द वारंवार भेटतात. लुईजी बियांची या इटालियन गणितज्ञाने १८९८ मध्ये सगळीकडे सारख्या असणाऱ्या त्रिमितीय अवकाशांचे नऊ प्रकार लावून दिले. आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं आली १९१५ मध्ये. विश्व सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने प्रसरण पावत नसेल तर काय, हे तपासायला बियांचीचे तेच प्रकार पुढे कामी आले.

(दृश्य : जुन्या क्योनिग्जबर्गचं चित्र.)

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने उभं राहून बोलावं आणि इतरांनी प्रश्न विचारावेत, या रीतीचं एक मूळ जर्मन विद्यापीठांत आहे. १८३४ मध्ये क्योनिग्जबर्गला गणितज्ञ याकोबी आणि भौतिकशास्त्रज्ञ नॉयमान यांनी गणित आणि भौतिकीचा सेमिनार सुरू केला. त्यातल्या किर्कहोफ नावाच्या विद्यार्थ्याने १८४५ मध्ये, शिकत असतानाच, विजेच्या मंडलांचे नियम मांडले. पुढे पातळ प्लेट कशी वाकते याचा सिद्धान्तही त्याच्याच नावाने ओळखला गेला. आणि ज्याची फलनं आज नागपूरच्या फळ्यावर आहेत तो बेसेल त्याच गावात वेधशाळेचा प्रमुख होता.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चं. पुढे १९८३ मध्ये अमरावतीचं आणि २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं. तरीही भंडारा, गोंदिया, वर्ध्याहून मुलं इथे येतातच. काही जण सकाळी एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि दुपारी विभागात येतात. कुणी नेट-सेटची तयारी करतं, कुणी ज्युनिअरला लाटेकमध्ये, म्हणजे गणित टाइप करायच्या संगणक प्रणालीत, समीकरण कसं टाकायचं ते दाखवतं. २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिवशी, गणित दिन होतो.

मोठी चर्चासत्रंही होतात. बॅनर, दीपप्रज्वलन, शेवटी प्रमाणपत्रं. त्यांची गरज आहे, बाहेरची माणसं त्यामुळे भेटतात. पण पंधरा-वीस मिनिटांच्या सादरीकरणात 'बघून सांगते' म्हणायला वाव नसतो. ते घरच्या सेमिनारमध्येच म्हणता येतं, जिथे पुढच्या वेळी खरोखर सांगावं लागतं. पीएच.डी.च्या नियमांप्रमाणे सल्लागार समितीसमोर दर सहा महिन्यांनी प्रगती मांडायची असते. नुसत्या त्या सादरीकरणावर प्रश्न झेलण्याची सवय लागत नाही.

(दृश्य : पुढचा सेमिनार. पहिल्या रांगेतला विद्यार्थी हात वर करतो.)

पुढच्या वेळी मुलगी उंचवट्याचं उत्तर घेऊन येते. ते संपल्यावर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा, जरा चाचरत, विचारतो, "मॅडम, कडेला थंड केलं, ते मधल्या बिंदूला कधी कळते?"

प्रश्न साधा वाटतो. फ्रेंच गणितज्ञ फूरियेने १८२२ मध्ये दिलेल्या उष्णतेच्या समीकरणाप्रमाणे उत्तर आहे : त्याच क्षणी. कितीही सूक्ष्म का असेना, परिणाम सगळीकडे तत्काळ पोचतो, म्हणजे उष्णतेचा वेग अनंत. निसर्गात असं होत नाही. म्हणून १९६७ मध्ये लॉर्ड आणि शुलमन यांनी थर्मोइलॅस्टिसिटीच्या समीकरणांत एक छोटा विलंबकाळ घातला, आणि उष्णता मर्यादित वेगाने, लाटेसारखी जाऊ लागली. त्या मुलाला ही नावं ठाऊक नव्हती. त्याने प्रश्न मात्र नेमका तिथेच विचारला होता.

आमचं एक सुचवणं आहे, या विभागाला आणि राज्यातल्या सगळ्या गणित विभागांना. सेमिनारमध्ये पहिला प्रश्न एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने विचारायचा आणि तोवर प्राध्यापकांनी थांबायचं. प्रश्न मराठीत आला, हिंदीत आला, अडखळत आला तरी चालेल. आणि वेळापत्रकात सेमिनारचा तास पक्का छापायचा, उन्हाळ्यातही.