तीनशेचा गंधार : संगणक-संगीत शिकवायला तानपुरा का हवा

(सांगलीत महाविद्यालयीन शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

भौतिकशास्त्र, संगणक आणि संगीत या तिन्ही विषयांचे शिक्षक आज एकाच सभागृहात बसलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. कॉलेजात संगणक-संगीताचा वर्ग काढायचा म्हटलं की पहिली चौकशी होते ती सॉफ्टवेअरची. कोणतं घ्यायचं, लायसन्स केवढ्याला पडतं? माझं सांगणं असं की, सॉफ्टवेअर मागाहून बघू. आधी वर्गात तानपुरा आणा, आणि तोही इथल्या मिरजेत घडलेला.

हे मी गावाच्या अभिमानापोटी बोलत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की समोर पियानोच्या पट्ट्या येतात. सप्तकाचे बारा समान भाग आधीच पाडून ठेवलेले असतात. मुलानं एकही स्वर ऐकण्याआधी स्वर कुठे असतात हे कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. आता षड्ज २४० हर्ट्झचा धरा, आपल्या संगीताच्या पुस्तकांतून हाच आकडा असतो. पट्टीवरचा शुद्ध गंधार येतो साधारण ३०२.४ वर. तानपुऱ्याचा १२० चा खर्ज छेडला की त्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो तो पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनाची पाचपट, ६०० हर्ट्झ. एक सप्तक खाली आणला की झाला ३००. फरक दोन-अडीच हर्ट्झचा, सेंटमध्ये, म्हणजे सप्तकाच्या बाराशेव्या भागात सांगायचं तर, चौदा सेंटच्या आसपास. कागदावर किरकोळ दिसतो. पण ३०० आणि ३०२.४ एकत्र वाजवा, आवाज लहान-मोठा होत सेकंदाला दोन-अडीच ठोके पडताना पाठच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू येतात. तिथून मग पाच-चतुर्थांश हे गुणोत्तर, दोनाचं बारावं मूळ, समान स्वरांतराची पद्धत पाश्चात्त्यांनी का पत्करली, कॉर्ड बदलताना तिची सोय कशी होते, हे सगळं शिकवता येतं. मुलं ऐकून घेतात, कारण ठोके त्यांनी स्वतः मोजलेले असतात.

आणि या भागात हे काम नवीन नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल पेशानं सरकारी अधिकारी. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीवर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक प्रसिद्ध केलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस अधिकारी याच कामात होते, त्यातूनच श्रुतींची पेटी तयार झाली. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटले नाहीत. श्रुतींवरून पुढे पुष्कळ वाद झडले आणि ते होणं योग्यच होतं, कारण गवई स्वर लावतो तो गुणोत्तर समोर ठेवून लावत नाही, रागाच्या अंगानं लावतो. पण एक उत्तम गाणारा आणि एक मोजणारा एका खोलीत बसले, ही पद्धत मला मोलाची वाटते. वर्गात जोड्या लावताना मी हेच करतो. एक गाणारा, एक प्रोग्रॅम लिहिणारा. दोन प्रोग्रॅमर एकत्र बसवले तर आकडे झकास येतात आणि सूर कुणी तपासतच नाही.

आता प्रोग्रॅमिंगकडे येतो. १९५७ साली बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर संगीताचा सतरा सेकंदांचा एक तुकडा वाजवून दाखवला. तेव्हा त्यासाठी खोलीभर यंत्र लागत होतं. आज सुपरकोलायडर, प्युअर डेटा, सोनिक पाय अशी संगीताची सॉफ्टवेअर सगळी फुकट मिळतात आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालतात. तरी पहिला प्रोग्रॅम मी साध्या पायथनमध्येच लिहायला लावतो, म्हणजे काहीच झाकलेलं राहत नाही.

तो प्रोग्रॅम तारेचा. केव्हिन कारप्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही युक्ती फार देखणी आहे. संगणकात आवाजाची सेकंदाला सहसा ४४,१०० सॅम्पल, म्हणजे मोजलेले आकडे, असतात. ३०० हर्ट्झचा गंधार हवा, तर भागाकार येतो बरोबर १४७. मग १४७ आकड्यांची एक रांग घ्यायची आणि त्यात वाटेल ते आकडे भरायचे. रांगेतला पहिला आकडा स्पीकरला द्यायचा, तो आणि त्याच्या मागचा यांची सरासरी काढून रांगेच्या शेवटी ठेवायची, आणि हेच करत राहायचं. बस. सुरुवातीला क्षणभर खरखर होते आणि तिच्यातून छेडलेल्या तारेचा आवाज निघतो. दहा-बारा ओळींत! वर्गातले चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असतात.

त्याच्यावर ३०० ची शुद्ध साइन लहर वाजवायची. एकदा एक गाणारी मुलगी म्हणाली, "सर, गंधार चढा लागतोय." तिचा जोडीदार म्हणाला, शक्य नाही, १४७ नं निःशेष भाग जातो. दोघांनी ठोके मोजले. सेकंदाला एक. म्हणजे तार ३०० ची नव्हतीच, ३०१ ची होती. का? पुढचा आणि मागचा आकडा मिसळून सरासरी काढली की आवाज अर्धं सॅम्पल लवकर परततो. फेरा १४७ चा राहत नाही, साडेशेहेचाळीसाधिक शंभरचा, म्हणजे १४६.५ चा होतो. रांग १४८ ची केली तर तार २९९ वर उतरते. पूर्णांकात उत्तरच नाही. अर्धं सॅम्पल भरून काढायला एक छोटा ऑलपास फिल्टर, म्हणजे आवाजाची पातळी न बदलता त्याला किंचित उशीर लावणारा, लावावा लागतो, आणि फिल्टर म्हणजे काय हे त्या दिवशी त्या दोघांना जसं कळलं तसं फळ्यावर समजावून कळलं नसतं. प्रोग्रॅम कोणतीही एरर देत नव्हता. चूक कानानं पकडली, सहा सेंटची.

स्वररचनेच्या भागाकडे मुलं उत्साहानं येतात, कारण तिथे संगणक 'चाल लावतो' असं त्यांनी ऐकलेलं असतं. मी त्यांना भूप आणि देशकार हे राग देतो. दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. कोणत्या स्वरानंतर कोणता किती वेळा येतो याचा तक्ता करून त्यावरून नवी स्वरावली काढायची, म्हणजे मार्कोव्ह साखळी. पहिल्या खेपेला जे वाजतं त्यात बेसूर काही नसतं, पण ना भूप, ना देशकार. मग गाणाऱ्यांची पाळी. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत. देशकार उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, खुलतो आणि त्यातला ऋषभ दुबळा. म्हणजे तक्त्यात नुसता 'पुढचा स्वर' पुरत नाही, तो किती वेळ ठरतो, वाक्य कुठे संपतं, कोणत्या स्वरावर न्यास, म्हणजे विसावा, होतो, हेही लिहायला हवं. एवढं करूनही मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, राहतेच. वाद्यं आणि संगणक जोडणारं मिडीचं मानक १९८३ चं, कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून केलेलं, त्यात स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा. ग वरून प वर घसरत जाणारी रेघ त्यात पिचबेंडनं, म्हणजे स्वर वर-खाली वाकवणाऱ्या वेगळ्या संदेशानं, बसवावी लागते. राग म्हणजे काय, याची इतकी नेमकी चर्चा मी संगीताच्या तासालाही क्वचित ऐकली आहे.

जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या आवाजातली झणकार, मी दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं की, तार बरोबर मधोमध छेडली तर जे हार्मोनिक गायब व्हायला हवेत ते तानपुऱ्यात आणि वीणेत ऐकू येतातच. कारण पसरट, वक्र घोडी, आणि तानपुऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेला जीवा, म्हणजे दोरा. तार कंपताना घोडीला चाटत राहते. वर सांगितलेला तारेचा प्रोग्रॅम ही जवारी देत नाही, तो गिटारसारखा वाजतो. त्यात जवारी आणणं हा विद्यार्थ्यांचा प्रकल्प. सोपा नाही, त्यासाठी मिरजेला जाऊन घोडीवर कानस फिरताना बघावी लागते. जीवा एक केस पुढे-मागे झाला की आवाज कसा उघडतो आणि मिटतो हे कारागीर बोलता बोलता दाखवतात. शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेल्या या कामाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. संगणक तुमच्याकडे आहेतच. चांगले हेडफोन घ्या, मोबाइलबरोबर यायचे तसले चालणार नाहीत, त्यांत खर्ज नीट ऐकू येत नाही. एक तानपुरा घ्या. परीक्षेत निम्मे गुण ऐकून ओळखण्याला ठेवा. आणि सत्रातून दोनदा तरी मिरजेचा कारागीर वर्गात बोलवा, पाहुणा म्हणून नाही, शिक्षक म्हणून. त्यांचं मानधन प्रॅक्टिकलच्या बजेटमध्ये जूनमध्येच लिहून टाका, नाहीतर मार्चमध्ये त्यासाठी पैसे उरत नाहीत.