आधी भिंत, मग टीव्ही

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी बरीच वर्षं लोकांच्या घरी टीव्ही बसवतोय, आणि आजवरचा सगळ्यात वाईट बसवलेला टीव्ही माझ्या स्वतःच्या घरातला होता. संच चांगला होता. मी तो कपाटाच्या वर, समोर खिडकी असलेल्या भिंतीवर टांगला, कारण तिथे पॉइंट आयता होता. दिवसा त्यात खिडकी दिसायची. रात्री चित्र दिसायचं, पण मान वर करून. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "हा टीव्ही आहे की स्टेशनवरचं इंडिकेटर?"

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही. "बसता कुठे?" असं विचारतो आणि टेप काढतो.

डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. हिशेब सोपा आहे. पडद्याच्या इंचांना ४ ने गुणलं की आरामात बघायचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. ५५ इंचीला २२० सेंटिमीटर, ६५ इंचीला २६०. सिनेमाची आवड असेल आणि चित्राने नजर व्यापलेली हवी असेल तर ३ ने गुणा. हे आकडे हवेतले नाहीत. ४ ने गुणल्यावर पडदा डोळ्यांना साधारण ३० अंशांत दिसतो, ३ ने गुणल्यावर ४० अंशांत. इंच मात्र तिरके मोजलेले असतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ५५ इंची पडदा प्रत्यक्षात १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. "५५ म्हणजे केवढा?" याचं उत्तर लोक हात पसरून देतात आणि दरवेळी चुकतात.

याच अंतरावर फुल एचडी की फोरके, हा वादही मिटतो. फुल एचडीत १९२० बाय १०८०, म्हणजे जवळजवळ २१ लाख ठिपके. फोरकेत ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख. आता ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा कळतो, म्हणून सव्वादोन मीटरच्या पलीकडे हे ठिपके एकमेकांत मिसळतात. तुम्ही तीन मीटरवर बसत असाल तर फोरकेचे जादा ठिपके तुम्हाला मोजता येणार नाहीत. तरी मोठ्या आकारात आता बहुतेक संच फोरकेच मिळतात, तेव्हा घ्या, बिघडत नाही. फोरकेच्याही चौपट ठिपके असलेल्या एटकेसाठी जादा पैसे मात्र मी स्वतः मोजणार नाही.

ठिपक्यांपेक्षा जास्त फरक पडतो तो काळ्या रंगाने. साध्या एलसीडी संचात मागून दिवा लागलेला असतो आणि पुढची काच तो अडवते. तो पुरता अडत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा तो काळाच. क्यूलेड हे नाव ऐकायला ओलेडच्या सख्ख्या भावासारखं असलं तरी तो मागून दिवा लागणारा एलसीडीच आहे, फक्त रंग जास्त चांगले. मग सगळ्यांनी ओलेडच घ्यावा का? भर उजेडाच्या दिवाणखान्यात चांगला एलसीडी जास्त झगझगीत दिसतो. शिवाय दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावणाऱ्या घरात ओलेडवर त्या चॅनेलच्या बोधचिन्हाची खूण कायमची उमटायचा धोका असतो.

एलसीडी घेणार असाल तर दुकानात एक गोष्ट करा. समोरून बघून झालं की बाजूला सरका, पार कोपऱ्यात उभे राहा. काही पॅनेलचे रंग तिथून धुतल्यासारखे फिके होतात. घरातलं कुणी बाजूच्या खुर्चीतच बसत असेल तर त्या माणसाने रोज तेच बघायचं आहे. आणि दुकानदाराकडून रिमोट मागून घ्या. तिथे सगळे संच भडक मोडवर ठेवलेले असतात. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, मग तुलना करा.

आता भिंतीकडे येतो, कारण खरी गफलत इथेच होते.

संच आणायच्या आधी वर्तमानपत्रं जोडून पडद्याच्या मापाचा, ५५ इंचीसाठी १२२ बाय ६८ सेंटिमीटरचा, कागद करा, भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस समोर बसा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून एक मीटरच्या जरा वर असतात. पडद्याचा मध्य तिथे यावा, फार तर थोडा वर. म्हणजे ५५ इंचीची खालची कड जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटरवर येते. "इतका खाली?" असं सगळे म्हणतात. कागदासमोर बसल्यावर कुणी म्हणत नाही.

मग भिंत ठोकून बघा. भरीव विटेचा आवाज वेगळा, जिप्सम पार्टिशनचा वेगळा. जिप्समच्या नुसत्या पत्र्यावर भार द्यायचा नाही. आतल्या उभ्या पट्ट्या शोधून त्यांत स्क्रू घ्यायचे किंवा मागे प्लायवूड घालायचं. विटेच्या भिंतीतही गिलाव्याची जाडी धरायची नसते. पकड मिळते ती विटेत, म्हणून भोक तितकं खोल हवं. ड्रिल मारल्यावर भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपाने काढतो तो कारागीर ओळखा. भुकटी तशीच ठेवून गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी, ठोकली की ती पिठात खोचल्यासारखी बसते.

पुढे ओढता येणारा, घडीच्या हाताचा स्टँड हवा असेल तर हिशेब आणखी कडक होतो. १८ किलोचा संच भिंतीपासून ५० सेंटिमीटर पुढे आणलात आणि स्टँडच्या वरच्या-खालच्या बोल्टांत २५ सेंटिमीटरचं अंतर असलं, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर ३६ किलोचा होतो. संचाच्या वजनाच्या दुप्पट! हाताचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. संच कधी वळवायचा नसेल तर सरळ भिंतीला चिकटणारा स्टँड घ्या. स्टँड घेताना संचाच्या मागच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये बघा, २०० बाय २००, ४०० बाय ४०० असं ते लिहिलेलं असतं. आणि स्क्रू लांब असेल तर जोर लावून आवळू नका, तो आतल्या भागांत घुसतो. वॉशर घाला.

वायर लपवायची असेल तर रंगकामाच्या आधी. इलेक्ट्रिशियन सवयीने २५ मिलिमीटरचा पाइप टाकतो, आणि चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलचं डोकं त्याच्या वळणात अडकतं. झिरी मारतानाच ५० मिलिमीटरचा पाइप टाका, विजेसाठी दुसरा वेगळा. साध्या तांब्याच्या केबलने पाच मीटरच्या पुढे फोरके चित्र तुटायला लागतं, तिथे ऑप्टिकल केबल वापरतात. या केबलला दिशा असते. एक टोक यंत्राचं, एक पडद्याचं. मी एकदा बारा मीटर केबल उलटी ओढली होती. छत बंद झाल्यावर कळलं. त्या घरच्यांनी चहा विचारला नाही, आणि बरोबरच केलं.

भिंतीवर चढवताना दोन माणसं, हात कडांवर, अंगठा काचेवर नाही. पाणसळ लावून मगच शेवटचं आवळायचं.

संच मिळाल्याची सही करण्याआधी खोलीत अंधार करून पूर्ण काळं, मग पांढरं, मग करडं चित्र लावायला सांगा. मेलेला ठिपका आणि ढगाळ कोपरे तिथेच दिसतात. सेटिंगमध्ये दुकानाचा मोड नाही तर 'होम' निवडलंय का ते बघा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत वाटला तर मोशनचं जे काही असेल ते बंद करा.

मागून एक ताई विचारताहेत, खोक्यातले पाय फेकायचे का? नाही. घर बदलताना, रंग काढताना संच कुठेतरी उभा करावा लागतो. ते पाय आणि त्यांचे चार स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी स्टँडच्या मागेच, भिंतीला चिकटपट्टीने लावून ठेवा. मी तसंच करतो.