दोन हायड्रोजनचा फरक

(नागपूरचं कळमना मार्केट यार्ड, सकाळ. मिरचीचे ढीग.)

इथे ठसका चुकत नाही, म्हणून जो तो तोंडाला दुपट्टा बांधून. भिवापूरकडच्या सातऱ्यावरून, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवरून, आलेला हा माल. यातली एक मिरची उचलू. वरून लालबुंद. आता चिरून बघा. बियांना हिरवट-पिवळी भुकटी चिकटली आहे. ही अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशी. वाळत घातलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला, रात्रभर ती ओल्या जमिनीवर राहिली, की हिचं फावलं.

(प्रयोगशाळा. अंधार, अतिनील दिवा.)

अफ्लाटॉक्सिन म्हणजे अशा बुरशीचं विष. काचेच्या पट्टीवर ओळखीसाठी ठेवलेले त्याचे चार ठिपके. वरचे दोन निळे, खालचे दोन हिरवे. निळ्या 'ब्लू'चे बी-१ आणि बी-२, हिरव्या 'ग्रीन'चे जी-१ आणि जी-२. शेजारी मिरचीचा अर्क, त्यात बी-१ च्या बरोबर रेषेत एक निळा ठिपका.

(रेणूची आकृती फिरते.)

बी-१ म्हणजे एकमेकांना चिकटलेली पाच कडी. अगदी टोकाच्या कड्याकडे लक्ष द्या. तिथे दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे. यकृतातलं विकर नेमकं तिथेच ऑक्सिजन बसवतं, तीन अणूंचा ताणलेला त्रिकोण तयार होतो आणि तो डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाला, ग्वानीनला, जाऊन चिकटतो. बी-२ मध्ये हा दुहेरी बंध नाही. त्या जागी दोन हायड्रोजन जास्त, एवढंच. म्हणून तो कितीतरी सौम्य. अंधारात दोघं सारखेच निळे दिसतात, हे मनातून जात नाही.

(सूक्ष्मदर्शक. भक्षक पेशी.)

या आपल्या रक्षक पेशी, जंतू गिळणाऱ्या. प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या अशा पेशींना बी-१ दिलं, तर त्या कँडिडा बुरशी कमी गिळतात आणि कमी मारतात. घानातल्या एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जास्त, त्यांच्या मारक टी-पेशींत परफोरिन कमी आढळलं. रोगट पेशीला भोक पाडणारं हत्यार ते हेच. आणि 1974 मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवर हेच विष असलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं गेली.

(सातरा. ताडपत्रीवर मिरची.)

फोडणीच्या आचेनं हे विष पुरतं जात नाही. डागाळलेली मिरची दळली, की तिखटात ओळखू येत नाही. म्हणून इथे माल जमिनीवर नाही, ताडपत्रीवर आहे. संध्याकाळी झाकतात, सकाळी पुन्हा पसरतात. देठ खुडणाऱ्या बाया फटकी, म्हणजे रंग उडालेली, मिरची बाजूला टाकताहेत. काळसर दिसली, की आधी हलवून बघतात. बिया खुळखुळल्या नाहीत, म्हणजे आत ओल आहे, तर तीही बाजूला.