शनिवारची गाडी आणि सोमवारचा वर्ग

नमस्कार श्रोते हो.

येत्या सत्रात एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून परदेशी निघालेल्या मुलामुलींशी, आणि त्यांना निरोप देणाऱ्या घरच्या माणसांशीही, आज मला बोलायचंय. मी जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्रायबुर्ग या शहरात एक हिवाळी सत्र शिकले. पश्चिमेला ऱ्हाइन नदी ओलांडली की फ्रान्स, दक्षिणेला तासाभरात स्वित्झर्लंड. निघण्यापूर्वी जो तो एकच विचारायचा, कुठे कुठे फिरणार? पॅरिस होईल ना? रोम, प्राग, बार्सिलोना? विचारणाऱ्यांना माझं कौतुकच होतं. पण तिथे राहून आल्यावर माझं मत पक्कं झालंय. शनिवार-रविवारी जवळच्या शहरात जावं. आवडलं तर त्याच शहरात पुन्हा जावं. आणि सोमवार ते शुक्रवार जिथे राहतो, तिथलं जगणं आधी नीट शिकून घ्यावं. ते अंगवळणी पडलं की शनिवारी पाहिलेलं शहरही उलगडायला लागतं.

वर्गापासून सुरुवात करते. वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे 'सी. टी.' अशी दोन अक्षरं दिसतात. म्हणजे दहाचा तास सव्वादहाला सुरू होणार. जर्मन विद्यापीठांतली ही पाव तासाची जुनी रीत आहे. 'एस. टी.' लिहिलेलं असेल तर मात्र दहा म्हणजे दहा. व्याख्यान संपलं की टाळ्या वाजत नाहीत. सगळा वर्ग मुठीनं बाकावर टकटक करतो. भरलेल्या सभागृहात हा आवाज एकदम उठतो तेव्हा आपणही त्या वर्गातले झालो असं वाटतं. गुणांचा क्रम उलटा असतो: 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास. पूर्ण सत्राला 30 क्रेडिट्स धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास. आठवड्यांत भागून बघा, दिवसभराच्या नोकरीइतकं काम निघतं. एक्स्चेंज म्हणजे अभ्यासाच्या नावाखाली सहल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब जरूर करावा.

पैशांचंही आधीच सांगते, कारण घरच्यांना खरी काळजी त्याचीच असते. फ्रायबुर्ग ज्या बाडेन-वुर्टेम्बेर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला 1500 युरो फी लागते. पण दोन विद्यापीठांमधल्या करारातून जाणाऱ्याला ती माफ असते. तेव्हा आपल्या विद्यापीठाचे करार कुणाकुणाशी आहेत, हे आधी तपासा. राहण्या-जेवणासाठी किती लागतं, याचा सरकारी अंदाज व्हिसाच्या नियमातच मिळतो. सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो दाखवावे लागतात. यात काटकसरीनं राहता येतं. दर आठवड्याला विमान पकडता येत नाही.

आता घर. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. ते काम पहिल्याच आठवड्यात उरका, बाकीची बरीच कागदपत्रं त्यावर अडलेली असतात. विद्यार्थी वसतिगृहात खोली स्वतःची आणि स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्यांचं. कागद वेगळा, सालं आणि उष्टं वेगळं, वेष्टनं वेगळी, उरलेला कचरा वेगळा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पिंपात टाकायच्या, तिथेही पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगवेगळी. आणि रविवारी तिथे बाटली टाकायची नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो.

या रविवाराबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सुरुवातीला तो फार जड जातो. दुकानं बंद. रस्ते मोकळे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला जावा, हे जर्मनीच्या 1919 च्या वायमार संविधानात लिहिलं होतं, आणि 1949 च्या सध्याच्या संविधानानं ते कलम तसंच पुढे चालू ठेवलं. म्हणजे शनिवारी पहाटे गाडी पकडायची असेल तर दूध, ब्रेड, भाजी शुक्रवारी रात्रीच आणून ठेवायला हवी. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचार-पाचलाच अंधार पडतो. त्या संध्याकाळी घरची आठवण घशाशी येते. फोनवर आई विचारते, "जेवलीस का?" आणि आपण नुसतं "हो" म्हणतो. अनेक मुलं दर शनिवारी लांब निघून जातात ती या पोकळीपासून पळण्यासाठी, आणि मला ते अगदी समजतं. पण मैत्री याच रिकाम्या रविवारी जमते. सगळ्यांचीच दुकानं बंद असतात, सगळेच स्वयंपाकघरात येतात, कुणाकडे कांदा असतो, कुणाकडे तांदूळ. दर रविवारी बाहेर असणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

पहिले काही शनिवार तर फ्रायबुर्गमध्येच काढावेत. गावाच्या मधोमध मुन्स्टर हे मोठं चर्च आहे. त्याचा मनोरा 116 मीटर उंच आहे. 27 नोव्हेंबर 1944 च्या हवाई हल्ल्यात भोवतालचं जुनं गाव जमीनदोस्त झालं, मनोरा उभा राहिला. चर्चच्या चौकात रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. मनोऱ्याखालच्या दारापाशी जरा थांबा आणि भिंतीच्या दगडाकडे बघा. तिथे पावाचे आकार कोरलेले आहेत, शेजारी 1270, 1317, 1320 अशी सालं. पाव केवढा असला पाहिजे, याची ती जाहीर मापं होती. आपण लहान पावाला फसलो असं ज्याला वाटेल, त्यानं तो इथे आणून ताडून बघावा. मी त्या कोरीव वर्तुळावरून बोट फिरवलं आहे. दगड थंडगार होता आणि पाठीमागे भाजीवाल्यांच्या हाका चालू होत्या. देवळाच्या भिंतीवर गिऱ्हाइकाचा हक्क कोरून ठेवणाऱ्या गावाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता गाडीकडे वळू. मे 2023 मध्ये जर्मनीत सगळीकडे चालणारा एक मासिक पास सुरू झाला, डॉइचलांडटिकेट. तेव्हा तो 49 युरोंना होता, 2025 मध्ये 58 झाला. त्यावर वेगवान आंतरशहरी गाड्या चालत नाहीत, पण प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं. माझ्या मते विद्यार्थ्याला हळू गाडीच योग्य. ती लहान स्टेशनांवर थांबते, शेजारी शाळेची मुलं बसतात, आपण खिडकीतून द्राक्षमळे बघतो. आणि एक सूचना. युरोपातल्या शेंगेन करारातल्या देशांत ये-जा मोकळी असली तरी पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना मूळ स्वरूपात जवळ ठेवाच. मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीनं सीमेवरची तपासणी आपल्या सगळ्या भूसीमांपर्यंत वाढवली. जर्मन परवान्यावर इतर शेंगेन देशांत 180 दिवसांतले 90 दिवस राहता येतं, म्हणजे शनिवार-रविवारसाठी काहीच अडचण नाही.

मी सगळ्यात जास्त वेळा गेले ती फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला. ऑफेनबुर्गला गाडी बदलून केलपर्यंत जायचं. केल हे जर्मनीचं शेवटचं गाव. तिथून स्ट्रासबुर्गची ट्राम मिळते. 2017 पासून ती पूल ओलांडून जर्मनीत येते. मी बऱ्याचदा तो पूल चालत ओलांडायचे. खाली ऱ्हाइन, मालवाहू बोटी, आणि मध्यावर कुठेतरी देश बदललेला.

पहिल्या खेपेला मी सगळे बघतात तेच बघितलं. गुलाबी दगडाचं ते प्रचंड कॅथेड्रल. त्याचा कळस 142 मीटरांचा, आणि 1647 पासून 1874 पर्यंत ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. आत खगोलशास्त्रीय घड्याळ आहे, आताची यंत्रणा 1843 साली पूर्ण झालेली. दुपारी साडेबाराला त्यातले येशूचे बारा प्रेषित एकेक करून पुढे सरकतात. हे सगळं सुंदर आहे, जरूर बघा.

पण शहर मला भेटलं ते नंतरच्या खेपेला. दरम्यान आमच्या सेमिनारमध्ये सीमाभागाचा इतिहास सुरू झाला होता. स्ट्रासबुर्ग ज्यात आहे तो अल्सास प्रांत 1871 मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात, आणि 1944-45 मध्ये परत फ्रान्सकडे. वर्गात अल्सासचीच एक मुलगी होती. तिच्या पणजीनं एकाच गावात राहून तीनदा देश बदलला. पणजोबांना 1942 मध्ये नाझींनी सक्तीनं जर्मन सैन्यात भरती केलं. अशी सुमारे एक लाख अल्सासी माणसं होती. ती म्हणाली, "पुन्हा जाशील तेव्हा रिपब्लिक चौकातलं स्मारक बघ."

मी पुढच्याच शनिवारी गेले. 1871 नंतर जर्मन साम्राज्यानं आखलेला तो चौक, भोवती त्या काळच्या भव्य इमारती. मधोमध 1936 साली उभारलेलं युद्धस्मारक. एक आई बसली आहे आणि तिच्या मांडीशी दोन मरणारे मुलगे आहेत. एक जर्मनीकडून लढलेला, एक फ्रान्सकडून. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही, कसलेच कपडे नाहीत, त्यामुळे कोण कुठला ते कळत नाही. खाली नुसतं लिहिलंय, आमच्या मृतांना. कोणत्या देशासाठी मेले, हे लिहिलेलं नाही, कारण या शहराला ते लिहिता येणंच शक्य नव्हतं. मी तिथे बराच वेळ उभी होते. बाजूच्या झाडांखाली मुलं खेळत होती. सोमवारी सेमिनारमध्ये मी पहिल्यांदा आपणहून हात वर केला आणि बोलले. एवढ्यासाठी मी पुन्हा जा म्हणते. पहिल्या फेरीत तो चौक माझ्या वाटेत होता, आणि मी त्याच्या बाजूनं निघून गेले असणार. आधी मला कुणी सांगितलेलंच नव्हतं आणि विचारायला माझ्याकडे काही नव्हतं.

बाझेलची गोष्ट वेगळी. डॉइचलांडटिकेटवर तिथल्या बाडिशर बानहोफ या स्टेशनापर्यंत जाता येतं. स्टेशन स्वित्झर्लंडच्या भूमीवर, गाड्या जर्मन रेल्वेच्या, आणि बाहेर पडताना जकातीच्या दारातून जावं लागतं. बाहेर स्विस फ्रँक चालतात आणि महागाई जाणवते, डबा बरोबर न्यावा. इथल्या मुन्स्टर चर्चमध्ये मानवतावादी विद्वान इरॅस्मस याची समाधी आहे. 1987 मध्ये युरोपनं विद्यार्थी अदलाबदलीची योजना सुरू केली ती याच्याच नावानं. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी त्यातून गेले. इरॅस्मस बाझेलला राहायचा. 1529 मध्ये शहरानं प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला तेव्हा तो फ्रायबुर्गला आला, तिथे सहा वर्षं राहिला, 1535 मध्ये परतला आणि पुढच्या वर्षी बाझेललाच वारला. तो कॅथलिक, चर्च प्रोटेस्टंट, तरी गावानं त्याला आपल्या मुख्य चर्चमध्ये जागा दिली. जवळच्या कुन्स्टम्युझियममध्ये होल्बाइननं काढलेलं त्याचं चित्र आहे, बाजूनं दिसणारा, लिहिण्यात गढलेला. फ्रायबुर्गमध्ये तो ज्या घरात आधी उतरला, त्या 'व्हेलमाशाचं घर' नावाच्या वास्तूवरून मी रोज जायचे. समाधी पाहून आल्यावर त्या दारापाशी माझी पावलं आपोआप मंदावायची.

स्वस्त विमानांविरुद्ध मी बोलत नाहीये. बाझेलजवळचा विमानतळ फ्रान्सच्या हद्दीत आहे, त्याच्या नावात फ्रायबुर्गही आहे, तिथून पुष्कळ जण रोमला, लिस्बनला जातात. ज्याला रोमची आस आहे त्यानं सुट्टी जोडून चार दिवस काढावेत आणि खुशाल जावं. पण शुक्रवारी रात्री निघून रविवारी मध्यरात्री परतलं की सोमवारचा सव्वादहाचा तास बुडतो, आणि फोटोंशिवाय हाती फार काही उरत नाही. व्याख्यानं फेब्रुवारीत संपतात आणि लगेच परीक्षा लागतात, तेव्हा जानेवारीनंतरचे शनिवार फिरण्यात धरूच नका.

आणि जानेवारीच्या आत एक दिवस अल्सासमधल्याच कोलमार या गावासाठी ठेवा. तिथल्या उंटरलिंडेन संग्रहालयात इझेनहाइमचं वेदीचित्र आहे, ग्रुनेवाल्डनं 1512 ते 1516 दरम्यान रंगवलेलं. ज्या मठासाठी ते काढलं, तिथे राय धान्यावरच्या बुरशीनं होणाऱ्या भयंकर आजाराचे रोगी येत. क्रुसावरच्या येशूचं अंग फोडांनी आणि काट्यांनी भरलेलं आहे, बोटं वेदनेनं ताठ पसरलेली. आपल्याच अंगावरचं दुखणं त्या रोग्यांना देवाच्या अंगावर दिसत असे. या चित्रासाठी घाई करू नका, निदान एक तास द्या. फ्रायबुर्गहून कोलमारला सरळ आगगाडी नाही. ब्राइझाख गावाजवळचा ऱ्हाइनवरचा रेल्वेपूल दुसऱ्या महायुद्धात पडला, तो पुन्हा बांधला गेला नाही. ब्राइझाखपर्यंत गाडीनं जाऊन पुढे बस पकडावी लागते. बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा.

नमस्कार.