७०० बाइटांच्या आतला पहारा

(पडद्यावर लॉगिनचा फॉर्म. ईमेलच्या चौकटीत कुणीतरी नुसतं नाव टाइप करतंय.)

या चौकटीत काय येईल, हे फॉर्म बनवणाऱ्याच्या हातात नसतं. ईमेलच्या जागी नाव येतं, पासवर्डच्या जागी काहीच येत नाही. संख्या भरायला सांगितली, तरी चौकटीतून बाहेर येतो तो मजकूर. वापरणाऱ्याने २ लिहिलं आणि त्यात १ मिळवायला गेलं, तर जावास्क्रिप्ट दोन्ही शेजारी शेजारी ठेवून २१ देते.

अनेकांना वाटतं, टाइपस्क्रिप्ट आहे ना! मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये आणलेली ही भाषा कोड लिहिताना चुका दाखवते, आणि चांगल्या दाखवते. पण ब्राउझरमध्ये चालते ती जावास्क्रिप्ट. टाइप, म्हणजे कुठे संख्या आणि कुठे मजकूर येणार हे सांगणारे शिक्के, वाटेतच पुसले जातात. ‘इथे संख्या येईल’ असं कोडात लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्ष काय आलं ते बघायला दारात कुणीच नसतं.

तिथे स्कीमा उभा करायचा. डेटा कसा हवा ते एकदा लिहून ठेवायचं, आणि येणारा डेटा त्याच्याशी ताडून बघायचा. २०२०मध्ये आलेल्या झॉड या लायब्ररीमुळे, म्हणजे तपासणीच्या तयार कोडाच्या संचामुळे, ही सवय टाइपस्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पडली. त्याच स्कीमातून टाइपही मिळतो, दोनदा लिहावं लागत नाही.

(जर्मनी. श्टुटगार्ट.)

इथल्या होखशूल डेर मेडियन या संस्थेत शिकताना फाबियन हिलर यांनी पदवीच्या प्रबंधाचा भाग म्हणून एक नवी लायब्ररी घडवली. २०२३मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. तिचं नाव व्हॅलिबॉट.

झॉडच्या नेहमीच्या रचनेत स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, स्कीमा केला, की ईमेल, यूआरएल, किमान लांबी अशा कितीतरी तपासण्या त्याच ऑब्जेक्टला जोडून येतात. तुम्हाला एकच हवी असते. सगळ्या फाइली एकत्र बांधणारा बंडलर न वापरलेलं सुटं फंक्शन सहज गाळू शकतो. पण ऑब्जेक्टला जोडलेल्या फंक्शनांमधली, म्हणजे मेथड्समधली, नको असलेली त्याला खुडून काढता येत नाही.

हिलर यांनी तपासण्या सुट्या केल्या. स्ट्रिंग हे एक फंक्शन, ईमेल दुसरं, किमान लांबी तिसरं. हवी तेवढीच घ्यायची आणि पाइपमध्ये एकामागोमाग ओवायची. हे पाइपसुद्धा पहिल्यापासून नव्हतं. आधी तपासण्या ॲरेत, म्हणजे एका यादीत, द्याव्या लागत. २०२४मध्ये ती रचना मोडून नवी घातली. लोक वापरत असलेली गोष्ट अशी मोडायला धाडस लागतं, आणि ते योग्य वेळी, १.० आवृत्ती येण्याआधी केलं गेलं.

न वापरलेला कोड गाळण्याला ट्री शेकिंग म्हणतात. झाड हलवलं की वाळकी पानं गळतात, तसं. त्यामुळे व्हॅलिबॉटचा आकार ७०० बाइटांच्याही आतून सुरू होतो.

लिहिणाऱ्याला यात थोडं जास्त टाइप करावं लागतं. टिंब देऊन पुढची तपासणी जोडायची सोय जाते. मला हा सौदा मान्य आहे, कारण त्याचा फायदा साध्या फोनवर, अडखळत्या नेटवर्कवर पान उघडणाऱ्याला मिळतो. सर्व्हरवर झॉड नीट चालत असेल, तर मात्र केवळ आकारासाठी ती बदलण्याची घाई नको. एक गोष्ट दोन्हीकडे लागू: ब्राउझरमधली तपासणी चुकवता येते, म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासायलाच हवं.

(तीन लायब्ररींची बोधचिन्हं एका ओळीत.)

२०२५च्या सुरुवातीला झॉड, व्हॅलिबॉट आणि आर्कटाइप यांच्या निर्मात्यांनी मिळून स्टँडर्ड स्कीमा हा समान करार पक्का केला. फॉर्म हाताळणाऱ्या साधनाने तो पाळला, की तिन्हींपैकी कुठलाही स्कीमा तिथे चालतो. आणि त्याच वर्षी झॉडच्या चौथ्या आवृत्तीबरोबर झॉड मिनी आली. तिच्यातही तपासण्या सुट्या फंक्शनांत आहेत.