मारुतीचा पार, मग डीपी

(गेल्या वर्षीची एक पहाट. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. गल्लीत अजून अंधार.)

साडेपाच वाजलेत. एका घरातून खोकला ऐकू येतो. आधी दोन-तीन कोरड्या ढासा, मग छातीच्या तळातून खरवडून काढल्यासारखा लांब खोकला. शेजारीपाजारी कोणाची झोप मोडत नाही. गल्लीला त्याची सवय झाली आहे.

आबा उठले. वय अडुसष्ट. उभी हयात केळीच्या बागांमध्ये गेली. घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, बांधावर उभ्या ट्रॅक्टरपर्यंत न्यायचा आणि पुन्हा आत जायचं. तेच आबा आज घरून वावरात जाताना, किलोमीटरभरही नसलेल्या रस्त्यात, दोनदा थांबतात. आधी मारुतीचा पार, मग विजेची डीपी. थांबले की दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवतात आणि ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

काय होतं विचारलं, की म्हणतात, "काई नई, आते वय व्हई गयं."

या एका वाक्यापायी आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो. आबांना जे झालंय, ते वय नाही.

(ओटा. आबांच्या हातात बिडीचं बंडल, आगपेटी.)

सकाळची पहिली बिडी. दोन-तीन झुरके घेतले की खोकला बसतो, मग आबा परसाकडे जातात. बिडीनं कफ सुटतो, पोट साफ होतं, असं ते सांगतात. गावातले निम्मे जाणते हेच सांगतील. पोटाचं खरं आहे; निकोटीननं आतड्यांची हालचाल वाढते. कफाची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे.

आपल्या श्वासनळ्यांना आतून अतिसूक्ष्म केसांचं अस्तर असतं. वाऱ्यानं गव्हाचं शेत डोलावं तसे हे केस एका लयीत, सेकंदाला दहा-बारा वेळा, गळ्याच्या दिशेनं हलतात. धूळ, जंतू, कफ, सगळं वर लोटत राहतात. बिडीच्या धुरानं त्यांना गुंगी येते. रात्री सहा-सात तास धूर थांबतो, तेव्हा ते पुन्हा हलू लागतात आणि दिवसभराचा साचलेला कफ वर आणतात. आबांचा पहाटेचा खोकला म्हणजे ती झाडलोट. पहिल्या बिडीनं तीच बंद पडते. आबांना त्यात आराम वाटतो. वर्षानुवर्षं हे चाललं की केस झडतात, कफ मात्र वाढतच जातो.

(सातपुड्याचा पायथा. टेंभुर्णीची झाडं.)

बिडीत तंबाखू असते जेमतेम पाव ग्रॅम, सिगारेटपेक्षा बरीच कमी. म्हणून बिडीला सौम्य समजतात. पण ती गुंडाळलेली असते टेंभुर्णीच्या पानात. कागदातून हवा झिरपते, या पानातून जवळजवळ नाही. ओढत राहिलं नाही तर बिडी विझते, म्हणून माणूस झुरके जास्त घेतो, जोरानं घेतो. तंबाखू कमी असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं, किंबहुना त्याहून जास्तच आत जातं.

महाराष्ट्रात धूर ओढणारे तसे थोडे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये ते ३.८ टक्के निघाले, तंबाखू खाणारे २४.४ टक्के. तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोललं जातं ते रास्तच आहे. पण त्या गर्दीत बिडीनं दमलेला म्हातारा कोणाला दिसत नाही, आणि याचंच आम्हाला वाईट वाटतं.

(जिल्ह्याच्या ठिकाणी, छातीच्या डॉक्टरांकडे.)

आबांच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी. तपासणी करणारी पोरगी ओरडते, "फुंका आबा, फुंका, फुंका, अजून फुंका!" आबांचा चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा तटतटतात. पडद्यावरची रेघ मात्र उठतच नाही.

निरोगी माणूस छातीतली ७० टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर फेकतो. आबांची हवा सहा-सात सेकंद झिरपत राहते. अडचण हवा घेण्यात नाही, सोडण्यात आहे. फुफ्फुसात तीस कोटींहून अधिक बारीक फुगे असतात. ते पसरले तर सातशे चौरस फुटांच्या घराची फरशी झाकली जाईल. धुरानं या फुग्यांमधल्या भिंती विरघळतात. पुष्कळ लहान फुग्यांचे थोडे मोठे फुगे होतात आणि त्यांचा ताण जातो, जुन्या बनियनच्या काठासारखा. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात, हवा आतच कोंडते. ओठांचा चंबू केला की आतला दाब टिकतो, नळ्या थोडा वेळ उघड्या राहतात. आबांच्या देहानं ही युक्ती आपली आपण शोधली होती.

डॉक्टर याला सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनळ्या आणि फुफ्फुसांचा जुनाट आजार. गावात सगळ्यालाच दमा म्हणतात, आणि तोंडानं औषध ओढायच्या पंपाची सवय लागते म्हणून पंप घेत नाहीत. पंपाची सवय लागत नाही. त्यानं नळ्या मोकळ्या होतात, चालणं सुसह्य होतं. विरलेल्या भिंती मात्र कुठल्याच औषधानं परत येत नाहीत.

धूर छातीपाशी थांबत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. निकोटीननं नाडी वाढते, रक्तवाहिन्या आक्रसतात. म्हणजे हृदयाला काम जास्त, प्राणवायू कमी. काही जणांच्या पायांच्या रक्तवाहिन्या भर तारुण्यात बंद होतात, अंगठा काळा पडतो. बर्जर नावाच्या या आजारात पाय वाचवायचा, तर तंबाखू पूर्ण सोडण्याला पर्याय नाही.

(चूल. पऱ्हाट्यांचा धूर.)

आणि ही आबांची थोरली वहिनी. बिडीला कधी हात लावला नाही, तरी तिचीही रेघ अशीच. उभा जन्म कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून भाकरी थापण्यात गेला. धूर तो धूरच.

(आबांच्या घरी. परत ओटा.)

आता सोडून काय उपयोग, असं आबा म्हणायचे. उपयोग आहे. १९७७ साली फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधल्या ७९२ कामकरी पुरुषांच्या आठ वर्षांच्या नोंदी मांडल्या. फुंकण्याची ताकद, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, तिशीनंतर सगळ्यांचीच घटते, वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर. ज्यांना धूर बाधतो त्यांची दुप्पट वेगानं, काहींची त्याहूनही. धूम्रपान सोडलं की गेलेलं परत येत नाही, पण पुढची घसरण इतरांच्याच वेगावर येते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात तर साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनाही सुमारे तीन वर्षांचं आयुष्य लाभलं. चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ.

आबांनी बिडी सोडली ती गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेक माहेरी आली होती. झोक्याला दोर बांधताना आबांना धाप लागलेली तिनं पाहिली. ती काही बोलली नाही, दोर मात्र तिनंच बांधला. बंडल त्या संध्याकाळी आगीत गेलं.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. हात थरथरायचे, कोणी बोललेलं खपायचं नाही. लेकीनं १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर लावून दिला. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमधून आणलं. आणि मग खोकला वाढला. पारावरची मंडळी म्हणाली, बघा, बिडी सोडली नि छाती बिघडली, एखादी ओढत चला. झाडलोट पुन्हा सुरू झाली होती, एवढंच. दोन महिन्यांनी खोकला ओसरला.

(यंदाची आखाजी. अंगणात खापर, मांडे.)

परवा आबांनी पुन्हा फुंकून पाहिलं. आकडा जवळपास गेल्या वर्षीचाच. डॉक्टर खूश झाले. आबांना आधी कळेना, वाढला नाही त्यात खुशी कसली.

आज सकाळी आम्ही त्यांच्यासोबत वावरात गेलो. आबा दोनदा थांबले. मारुतीचा पार, मग डीपी.

गेल्या वर्षीही दोनदाच थांबले होते.