पळण्याची तपासणी: कॅमेऱ्यात काय बघायचं, आणि काय बदलायचं

‘माझं पळणं बरोबर आहे का?’ एवढाच प्रश्न घेऊन गेट असेसमेंटला (पळण्याची ढब तपासून घ्यायला) गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. ‘बारा किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते, टेकडी उतरताना जास्त’ असं सांगितलंत तर कॅमेरा कुठे लावायचा इथपासून सगळं ठरत जातं. म्हणून जाणकार फिजिओ आल्या आल्या ट्रेडमिल सुरू करत नाही. आधी गेल्या दोन-तीन महिन्यांची नोंद मागतो. आठवड्याला किती किलोमीटर, वाढ कधी झाली, बूट कधी बदलले, चढ-उतार कधीपासून. दुखण्याचं कारण पुष्कळदा या नोंदीतच सापडतं. पुण्याजवळचा कात्रज ते सिंहगड ट्रेक करायचा म्हणून आठवड्याच्या 25 किलोमीटरवरून एकदम 45 वर गेलेल्या माणसाच्या घोट्याचे कोन मोजत बसण्यात अर्थ नसतो.

नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, रात्री पडल्यावरही ठणकतंय, एका पायावर उडी मारली की कळ येते, असं असेल तर हाडाला ताणाने चीर गेल्याची शंका घ्यायची. त्या दिवशी ट्रेडमिल नाही. आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर.

आता चित्रीकरण. पळताना पाऊल जमिनीवर साधारण पाव सेकंद असतं. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत त्या पाव सेकंदाच्या सात-आठ फ्रेम मिळतात, आणि पाऊल टेकण्याचा नेमका क्षण दोन फ्रेमच्या मधे निसटतो. 240 फ्रेमवर तेच पाऊल साठ फ्रेममध्ये दिसतं. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये ही सोय आहे, पण उजेड भरपूर लागतो. शिवाय साध्या ट्यूबलाइटखाली चित्रात उजेड-अंधाराच्या लाटा येतात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. खिडकीचा उजेड उत्तम.

बाजूचा कॅमेरा ट्रायपॉडवर, खुब्याच्या उंचीला, तीनेक मीटर लांब आणि ट्रेडमिलच्या पट्ट्याला अगदी काटकोनात हवा. तो थोडा जरी तिरका असला तरी कोन खोटे येतात. दुसरा कॅमेरा मागून. टी-शर्ट खोचलेला, चड्डी अंगाबरोबर, मोजे घोट्याखाली. खुबा, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा आणि बुटाची टाच इथे चिकटपट्टीच्या खुणा. ट्रेडमिलची सवय होईपर्यंत निदान सहा-सात मिनिटं पळू द्यायचं, आणि वेग रोजचाच ठेवायचा. कॅमेरा दिसला की माणूस छाती काढून पळतो. म्हणून चित्रीकरण कधी सुरू केलं हे न सांगितलेलं बरं. दुखणं लांब पळाल्यावरच येत असेल तर दमल्यावर पुन्हा चित्रीकरण करावं. पहिल्या दहा मिनिटांत स्थिर दिसणारी कंबर तेव्हा एका बाजूला पडायला लागते.

बाजूने बघताना लोकांची नजर टाच की चवडा यावर जाते. मी आधी नडगी बघतो. पाऊल टेकतं त्या क्षणी नडगी जवळजवळ उभी आहे, की पाय पुढे फेकला गेलाय आणि नडगी मागे कललीय? पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की प्रत्येक वेळी थोडा ब्रेक लागतो आणि तो भार गुडघा आणि नडगी सोसतात. मग गुडघ्याचा वाक: टेकताना साधारण 15 ते 20 अंश, पूर्ण भार आल्यावर 40 ते 45. गुडघा ताठच राहत असेल तर धक्का जिरत नाही.

मागून बघताना कंबरेची पट्टी बघायची. उजव्या पायावर भार असताना डावी बाजू खाली झुकते का? झुकली तर उजव्या खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंकडे संशय जातो. पण संशयच. खात्री करायला टेबलावर ताकद तपासावी लागते, एका पायावर पायरी उतरवून बघावी लागते. तसंच पोटरीचं: एका पायावर टाच उचलणं वीस-पंचवीस वेळा जमत नसेल, किंवा टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवताना अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरही लांब ठेवता येत नसेल, तर व्हिडिओत दिसलेल्या गोष्टींचा अर्थच बदलतो. नुसता व्हिडिओ पाहून व्यायाम लिहून देणाऱ्यांपासून सावध राहा.

ट्रेडमिल काही गोष्टी लपवतो. आपण समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने पळतो, आणि ते योग्यच आहे. पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो. त्यामुळे उजवं पाऊल सतत खालच्या बाजूला, डावं वरच्या, आणि वरचं पाऊल आत जास्त कलतं. रोज तासभर असं पळणाऱ्याचा एकच पाय दुखत असेल तर सपाट पट्ट्यावर कारण दिसणारच नाही. थोडे दिवस ट्रॅकवर किंवा विद्यापीठाच्या आतल्या शांत रस्त्याच्या मधोमध पळून बघावं. उताराचंही तेच. वेताळ टेकडी उतरताना दुखतं, तर टेकडीच्याच उतारावर 20-30 मीटरचा तुकडा धरून चित्रीकरण करावं.

मग बुटांचा प्रश्न येतोच. ओल्या पायाचा ठसा बघून तळपायाच्या कमानीप्रमाणे बूट देण्याची पद्धत दुकानांत अजून चालते. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणार्थींवर हे मोठ्या प्रमाणात तपासलं गेलं. कमानीप्रमाणे बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. पाय घातल्यावर आरामदायी वाटतो तो बूट घ्या.

दुसरा नेहमीचा प्रश्न 180 कॅडेन्सचा, म्हणजे प्रत्येकाने मिनिटाला 180 पावलं टाकावीत या सल्ल्याचा. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकी धावप्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळपास सगळे मिनिटाला 180 किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. ते शर्यतीच्या वेगात पळणारे जगातले निवडक लोक. सहा मिनिटांत किलोमीटर पळणाऱ्याला तो आकडा लावायचं कारण नाही. त्याचा स्वतःचा आकडा धरून पाच टक्के वाढवायचे, फार तर दहा. ताशी दहा किलोमीटर वेगाला 160 पावलं असतील तर एक पाऊल सुमारे 104 सेंटिमीटरचं होतं. 168 केली की 99. एवढ्या पाच सेंटिमीटरनेही गुडघ्यावरचा भार कमी होतो. वेग मात्र वाढवायचा नाही, आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते: मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र किंवा ॲप) लावला की पावलं जलद पडतात आणि वेगही चढतो. दहा टक्क्यांपेक्षा जास्त बदल केला तर दम वाढतो, कारण शरीराने स्वतः निवडलेली लय सहसा कमी खर्चाच्या आसपासच असते.

टाचेवरून चवड्यावर यायचा सल्ला मी सरसकट देत नाही. गुडघ्याचा भार कमी होतो खरा, पण तो नाहीसा होत नाही. पोटरी आणि अकिलीसवर, म्हणजे टाचेमागच्या कंडरेवर, जातो. गुडघा बरा आणि अकिलीस सुजलेली, असा सौदा करायचा का ते पोटरीची ताकद बघून ठरवा.

बदल एका वेळी एकच. सुरुवातीला 15 मिनिटं पळताना सगळा वेळ मेट्रोनोम किंवा आरसा. पुढे पळणं हळूहळू 30 मिनिटांपर्यंत न्यायचं आणि मदत कमी करत जायची, म्हणजे शेवटच्या सत्रांत बाहेरून काहीच आवाज नसताना लय टिकते का ते कळतं. त्या काळात आठवड्याचे किलोमीटर वाढवायचे नाहीत. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चित्रीकरण करायचं, तेव्हा बूट तेच, वेग तोच, कॅमेऱ्याचं अंतर तेच. त्यासाठी पहिल्याच दिवशी जमिनीवर ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा करून ठेवायच्या.